दाढ काढून घेताना: खुर्चीत बसण्याआधी आणि खुर्चीतून उठल्यावर

माझी खालची अक्कलदाढ काढायला डॉक्टरांना 25 मिनिटे लागली. त्या 25 मिनिटांची मी महिनाभर धास्ती घेतली होती. खरा त्रास झाला तो चौथ्या दिवशी, आणि तो मीच ओढवून घेतला होता. पहिल्या रात्री तोंडात सारखी रक्ताची चव येत होती, म्हणून न्हाणीत जाऊन तीन-चार वेळा खळखळून चुळा भरल्या. दाढेच्या खड्ड्यात नुकतीच धरलेली रक्ताची गुठळी त्या चुळांबरोबर निघून गेली. मग कानापर्यंत जाणारा असा ठणका सुरू झाला, की त्यापुढे आधीची दाढदुखी काहीच नव्हती.

पुढच्या काही वर्षांत वडिलांबरोबर, सासूबाईंबरोबर, शेजारच्या काकूंबरोबर मी दंतवैद्याकडे गेले. दर वेळी तेच दिसले. दात काढताना फारसे कुणाला दुखत नाही. नंतरचे सगळे त्या गुठळीवर अवलंबून असते. ती नीट धरेल ना, हे आधी पाहायचे आणि धरली की जपायची. हा लेख त्यासाठीच लिहिला आहे.

काढायचीच आहे का?

दाढ दुखते म्हणजे ती काढलीच पाहिजे असे नाही. कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचली की रात्री झोप लागू न देणारी कळ येते. पण वर पुरेसा दात शिल्लक असेल आणि मुळांभोवतीचे हाड धड असेल, तर रूट कॅनाल करून, वर टोपी बसवून तो दात वर्षानुवर्षे टिकतो. कितीही चांगला खोटा दात बसवला तरी स्वतःच्या दाताची सर त्याला येत नाही. म्हणून खुर्चीत बसल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा: "डॉक्टर, हा वाचवता येईल का?"

दात मुळाशी उभा चिरला असेल, कीड हिरडीच्या खाली उतरून वर काहीच उरले नसेल, हिरड्यांच्या रोगाने दात गदगदा हलत असेल, किंवा अक्कलदाढ आडवी अडकून पुढच्या दाढेला टेकली असेल, तर काढणेच बरे. अक्कलदाढा साधारण 17 ते 25 या वयात येतात. अर्धवट वर आलेल्या दाढेवर हिरडीचे झाकण राहते, त्याखाली अन्न अडकते आणि दर दोन-चार महिन्यांनी सूज येते. माझे तसेच झाले होते.

खर्चाचेही बोलायला हवे. रूट कॅनाल आणि टोपी दात काढण्यापेक्षा महाग पडते आणि फेऱ्याही जास्त होतात. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या वाड्यावरून दर फेरीला दिवसाची मजुरी बुडवून येणारा माणूस "काढूनच टाका" म्हणाला, तर त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण ते ठरवण्याआधी बांबोळीच्या दंत महाविद्यालयात एकदा विचारून यावे. त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

एक भीती मात्र मनातून काढून टाका. "वरची दाढ काढली की नजर जाते" हे आमच्याकडे अजून सर्रास ऐकू येते. दातांच्या संवेदना वाहून नेणारी नस आणि दृष्टीची नस या अगदी वेगवेगळ्या आहेत. नजर वयानुसार किंवा मधुमेहाने कमी होते, आणि दातही त्याच वयात काढावे लागतात. दोन्ही गोष्टी एकाच सुमारास घडतात, म्हणून लोक त्यांची सांगड घालतात. या समजुतीपायी वरची सडलेली दाढ दहा-दहा वर्षे तशीच ठेवलेली माणसे मी पाहिली आहेत.

भेटीची वेळ मिळेपर्यंत घरी काय करावे? कोमट मिठाच्या पाण्याच्या चुळा भराव्यात आणि चालत असेल तर पॅरासिटामॉल घ्यावी. दाढेखाली फेणी धरून ठेवणे किंवा अॅस्पिरिनची गोळी हिरडीला लावून ठेवणे हे दोन्ही उपाय घातक आहेत. त्याने हिरडी आणि गाल आतून भाजतो, पांढरी चामडी सुटते, आणि दुखणे आहे तिथेच राहते. लवंगाचे तेल कापसावर एखादा थेंब घेऊन फक्त किडलेल्या खड्ड्यात लावले तर थोडा वेळ आराम पडतो. बाटली तोंडात ओतू नका.

कुठे जायचे

साध्या, सरळ वाढलेल्या दातासाठी गावातला नेहमीचा दंतवैद्य पुरेसा आहे. म्हापसा आणि मडगावच्या जिल्हा इस्पितळांतही दातांचा विभाग आहे. आडवी अक्कलदाढ, हृदयविकार, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या, आधी कधी जबड्याला दिलेली किरणे, असे काही असेल तर मुखशल्यचिकित्सक हाताशी असलेली जागा निवडा.

गोव्यात त्यासाठी बांबोळीचे गोवा दंत महाविद्यालय आहे, गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या) शेजारीच. ते 1980 साली सुरू झाले. तिथे खासगी दवाखान्यापेक्षा बराच कमी खर्च येतो, पण वेळ हातात ठेवून जावे लागते. सकाळी लवकर पोचा. आधी केसपेपर, मग तपासणी, मग एक्स-रे आणि त्यानंतर दात काढण्याचा विभाग. शिकणारे डॉक्टर दात काढतात म्हणून काही जण बिचकतात. ते वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करतात, आणि अवघड दाढ असेल तर वरिष्ठ स्वतः हात घालतात. सासूबाईंच्या वेळी त्या मुलीने त्यांना "आजी, आता फक्त दाब जाणवेल हं" असे प्रत्येक पायरीला सांगितले. इतका धीर देऊन कुणी बोललेले मी खासगीतही क्वचित ऐकले आहे.

फोंड्याहून जाणाऱ्यांनी पणजीला उतरून मडगावच्या बाजूची बस धरावी, ती महामार्गावर बांबोळीला थांबते. परतताना तोंडात बोळा असतो, बोलता येत नाही. म्हणून सोबत कुणीतरी असू द्या.

डॉक्टरांना काय सांगायचे

लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. आपण मात्र नेमके हेच "दाताचा आणि याचा काय संबंध" म्हणून गाळतो.

माझ्या वडिलांना हृदयात स्टेंट बसवलेला आहे. दाढ काढायची ठरली, तेव्हा ओळखीच्या एकाने त्यांना सांगितले, "रक्त पातळ करायची गोळी पाच दिवस बंद करा, नाहीतर रक्त थांबणार नाही." वडिलांनी कुणालाही न विचारता ती बंद केली. तिसऱ्या दिवशी बोलता बोलता ते मला कळले. आम्ही हृदयाच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी तिथल्या तिथे गोळी पुन्हा सुरू करायला लावली. स्टेंट असलेल्या माणसाने ती गोळी मनाने बंद केली तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. त्याउलट दाढेच्या खड्ड्यातले रक्त दाब देऊन, टाका घालून, आत विरघळणारा स्पंज ठेवून थांबवता येते. शेवटी वडिलांची दाढ गोळ्या चालू ठेवूनच काढली. दोन टाके पडले, रक्त थांबायला थोडा जास्त वेळ लागला, एवढेच.

तेव्हा अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन, अॅसिट्रोम यांपैकी काहीही चालू असेल तर त्याची पट्टीच घेऊन जा. नाव आठवण्याच्या भानगडीत पडू नका. वॉरफरिन किंवा अॅसिट्रोम घेणाऱ्यांना आयएनआर ही रक्ताची तपासणी ताजी लागते, शक्यतो आदल्या दिवशीची. बंद करायचे की नाही, हे दंतवैद्य आणि तुमचे नेहमीचे डॉक्टर मिळून ठरवतील.

रक्तदाब असेल तर त्या सकाळची गोळी चुकवू नका. वरचा आकडा 180 किंवा खालचा 110 च्या पुढे असेल, तर तातडी नसलेली दाढ डॉक्टर पुढे ढकलतात आणि ते योग्यच आहे. सासूबाईंना एकदा असेच परत पाठवले. रिक्षाचे पैसे फुकट गेले म्हणून त्या चिडल्या होत्या. पण वाढलेल्या दाबात रक्त थांबत नाही, आणि भीतीने तो दाब आणखी चढतो.

मधुमेहींनी सकाळची वेळ घ्यावी, नाश्ता आणि नेहमीची गोळी किंवा इन्सुलिन घेऊनच जावे, आणि अलीकडचा साखरेचा रिपोर्ट न्यावा. साखर चढलेली असेल तर जखम सावकाश भरते आणि जंतू लवकर धरतात. उपाशीपोटी गेलात, पण इन्सुलिन मात्र घेतले, तर साखर एकदम उतरून खुर्चीतच घाम फुटतो.

हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून आठवड्याला एक गोळी किंवा वर्षाला एक इंजेक्शन घेणाऱ्या बायका आता पुष्कळ आहेत. अॅलेंड्रोनेट, झोलेड्रोनिक अॅसिड ही त्यातली नावे. ती औषधे घेत असाल तर सांगाच. क्वचित का होईना, त्यांमुळे दात काढल्यावर जबड्याचे हाड भरून येत नाही. कॅन्सरसाठी हीच औषधे मोठ्या मात्रेत देतात, तिथे हा धोका बराच जास्त असतो. कृत्रिम झडप बसवलेल्यांना दात काढण्याच्या अर्धा ते एक तास आधी अँटिबायोटिकचा डोस लागतो. कोणत्या औषधाची अॅलर्जी आहे, विशेषतः पेनिसिलिनची, तेही सांगा. गरोदर बाईने महिने सांगावेत. तातडी नसेल तर मधले तीन महिने त्यातल्या त्यात बरे.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. अंगात ताप असेल तर तसेच दात काढायला जाऊ नका. आपल्याकडे त्या दिवसांत डेंग्यू असतो, डेंग्यूत प्लेटलेट उतरतात आणि मग रक्त थांबत नाही. ताप कशाचा हे आधी कळू द्या. तोवर आयब्युप्रोफेन किंवा अॅस्पिरिनही घेऊ नका.

दिवस कुठला निवडावा

सोमवार किंवा मंगळवारची सकाळ. कारण सांगते. रक्त वाहायचेच असेल तर ते पहिल्या संध्याकाळी वाहते, तेव्हा दवाखाना उघडा हवा. गुठळी निघून गेल्याचा ठणका तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुरू होतो, तोही रविवारी येता कामा नये. गुरुवारी दाढ काढलीत तर तिसरा दिवस रविवारच पडतो. चवथीच्या किंवा गावच्या जत्रेच्या तोंडावर तर मुळीच काढू नका. घरात खापरोळ्या आणि नेवऱ्या होत असताना तुम्ही गार पेज घेऊन बसाल, आणि डॉक्टर त्यांच्या मूळ गावी गेलेले असतील.

खुर्चीत

भरपेट नाही, पण पोटाला आधार होईल इतके खाऊन जा. फक्त जागा बधिर करून दात काढायचा असेल तर उपास लागत नाही, उलट उपाशी माणसालाच चक्कर येते. पूर्ण भूल देणार असतील तर मात्र सहा तास काही खायचे नसते. त्या सूचना वेगळ्या मिळतात आणि त्या तंतोतंत पाळायच्या. दात आधी घासून जा, कारण नंतर त्या बाजूला दिवसभर ब्रश लावता येत नाही.

संमतीपत्रावर सही करण्याआधी दाताचा आकडा पाहा. दंतवैद्य तोंडाचे चार भाग करतात आणि प्रत्येक दाताला दोन अंकी आकडा देतात. 46 म्हणजे खालची उजवीकडची पहिली मोठी दाढ, 38 म्हणजे खालची डावीकडची अक्कलदाढ. आरशात बोट लावून "हीच ना?" असे एकदा विचारा. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

मग बधिर करण्याचे इंजेक्शन. औषध बहुधा लिग्नोकेन असते, त्यात थोडे अॅड्रेनलिन मिसळलेले असते. टोचताना मुंगी चावल्यासारखे होते आणि औषध आत जाताना ताण जाणवतो. अॅड्रेनलिनमुळे मिनिटभर छाती धडधडते. ते ठाऊक नसले की माणूस घाबरतो आणि धडधड आणखी वाढते. वरच्या दातांना हिरडीजवळच टोचले तरी पुरते. खालच्या दाढांसाठी मात्र जबड्याच्या मागच्या टोकाला, जिथून मोठी नस आत शिरते तिथे टोचतात, आणि तीन ते पाच मिनिटांत अर्धा ओठ जड होतो. ओठ जड झाला नसेल तर स्पष्ट सांगा. पू झालेल्या जागी औषध नीट चढत नाही, तिथे आणखी द्यावे लागते किंवा आधी पू काढून टाकावा लागतो. "चालेल, करा" म्हणून सोसू नका.

दाब जाणवणारच, तो जात नाही. दुखता मात्र कामा नये. या दोन्हींतला फरक आधी समजून घ्या आणि दुखले तर डावा हात वर करायचा असे ठरवून ठेवा.

माझ्या वेळी डॉक्टरांनी डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी जबड्यावर दोन्ही बाजूंनी घट्ट रोवली आणि उजव्या हाताने एक बारीक पट्टीसारखे हत्यार दाढ आणि हाड यांच्यामध्ये सरकवले. दाढ ओढून निघत नाही. हाडाची खोबण हळूहळू रुंद करत, दाढ इकडेतिकडे हलवत तिला सैल करतात. कुठेतरी भिजक्या लाकडातून खिळा निघताना येतो तसा करकर आवाज थेट कवटीत ऐकू आला. त्या आवाजाने माझे पाय ताठ झाले, पण दुखले मात्र नाही. माझी दाढ आडवी होती म्हणून तिचे दोन तुकडे केले. त्यासाठी ड्रिल लावले, तोंडात पाण्याची धार आली. खालच्या मोठ्या दाढांना सहसा दोन आणि वरच्यांना तीन मुळे असतात. ती वाकडी असली की असे तुकडे करून काढण्यातच हाड वाचते. शेवटी स्टीलच्या ट्रेमध्ये टक् असे वाजले. काढलेल्या मुळाच्या टोकाला वाटाण्याएवढी लालसर गाठ चिकटलेली होती. इतके दिवस झोप उडवली होती ती तिने.

टाके घातले असतील तर ते विरघळणारे आहेत की काढायचे, हे निघण्याआधी विचारा. रेशमी टाके साधारण आठवड्याने काढतात. रात्री रक्त आले तर कुणाला फोन करायचा, तो नंबरही तिथेच लिहून घ्या.

पहिले 24 तास

खड्ड्यावर गॉजची घडी ठेवतात. ती 30 ते 45 मिनिटे घट्ट चावून ठेवायची. बोलायचे नाही, उघडून पाहायचे नाही, दर पाच मिनिटांनी बदलायची नाही. दाबाखालीच रक्त गोठते आणि तीच आपली गुठळी. खालून हाड आणि वरून नवी हिरडी येईपर्यंत उघड्या हाडावरचे झाकण तेवढेच असते.

थुंकायचे नाही. लाळेत रक्ताचा एक थेंब मिसळला तरी तोंडभर रक्त आल्यासारखे दिसते. लाळ गिळा किंवा ओठावरून अलगद ओघळू द्या. चूळ भरायची नाही, मिठाच्या पाण्याचीसुद्धा नाही. मी इथेच चुकले. स्ट्रॉने काही ओढायचे नाही. वाटेत आडसर (शहाळे) प्यायची इच्छा झाली तर पाणी पेल्यात ओतून घ्या. विडी-सिगारेटला निदान तीन दिवस हात लावू नका. धूर ओढताना तोंडात जी पोकळी होते ती गुठळी उपटते, आणि निकोटिनने तिथला रक्तपुरवठाही आटतो. मशेरी, तंबाखूची चिमूट, दारू हेही बंद.

गालावर फडक्यात गुंडाळलेला बर्फ 10-15 मिनिटे ठेवा, तेवढाच वेळ काढा, पुन्हा ठेवा. शेक नको. दुखण्याची पहिली गोळी बधिरपणा उतरण्याआधीच घ्या. खालचा ओठ दोन ते चार तास बधिर राहतो, त्या वेळात गाल किंवा ओठ चावला जाऊ शकतो. लहान मुलांवर तर लक्षच ठेवावे लागते, ती गंमत म्हणून ओठ चावत बसतात. आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल या दोन गोळ्या मिळून बहुतेकांना पुरतात. पण अल्सर, मूत्रपिंडाचा आजार किंवा दमा असेल तर आयब्युप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. साध्या दाताला अँटिबायोटिक लागतेच असे नाही. डॉक्टरांनी लिहून दिले नाही म्हणून औषधाच्या दुकानातून मागून घेऊ नका, आणि दिले असेल तर पूर्ण घ्या.

रात्री दोन उशा घ्या, वरच्या उशीवर जुना टॉवेल घाला. सकाळी त्यावर गुलाबी डाग दिसले तर घाबरू नका, 24 तास थोडे पाझरतेच. तोंड भरून ताजे लाल रक्त येऊ लागले तर ताठ बसा, स्वच्छ ओल्या गॉजची जाड घडी नेमकी खड्ड्यावर ठेवून घड्याळ लावून 30 मिनिटे चावा. गॉज नसेल तर काळ्या चहाची पुडी ओली करून गार केलेली चालते. चहातल्या टॅनिनने रक्त धरायला मदत होते. दोनदा करूनही थांबले नाही तर दवाखाना गाठा.

काय खावे

आपल्याकडे याचे उत्तर घरातच आहे: उकड्या तांदळाची पेज. पण गार करून, आणि शिते कुस्करून. पेजेबरोबर तोरांचे (कैऱ्यांचे) लोणचे किंवा सुंगटांची (कोळंबीची) किसमूर हवीच असे वाटते, पण चार दिवस ती बाजूला ठेवा. सुक्या सुंगटांचे टोकदार कण खड्ड्यात गेले की निघत नाहीत. दुसऱ्या दिवशी नाचण्याचे तिझान, मऊ वरण-भात, दही-भात, कुस्करलेले केळे. मासे खायचेच तर काटे काढलेल्या विसवणाचे (सुरमईचे) हुमण, तिखट कमी करून. तारले किंवा मुडदुशी नकोत, त्यांचे बारीक काटे दिसतही नाहीत. चहा कोमटच घ्या. सगळे दुसऱ्या बाजूने चावायचे.

दुसऱ्या दिवसापासून

आता मिठाचे पाणी सुरू करा. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, दिवसातून चार-पाच वेळा, विशेषतः जेवल्यावर. खळखळ करायची नाही. पाणी तोंडात घ्या, मान त्या बाजूला कलती करा, थोडा वेळ धरा आणि तोंड उघडून पडू द्या. बाकीचे दात नेहमीसारखे घासा. खड्ड्यात पांढरट-पिवळा थर दिसला तर तो पू समजून काडीने कोरू नका, जखम भरतानाचा तो थर असतो. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि मग ओसरते. अक्कलदाढेनंतर आठवडाभर तोंड कमी उघडते.

वरची मोठी दाढ काढली असेल तर आठ-दहा दिवस नाक जोरात शिंकरू नका आणि शिंक तोंड उघडून द्या. त्या दाढांची मुळे गालामागच्या सायनसला लागून असतात, कधी मधला पातळ पडदा फाटतो. पाणी पिताना ते नाकात आले तर तसे झाले आहे असे समजून डॉक्टरांकडे जा.

तिसऱ्या ते पाचव्या दिवशी दुखणे कमी होण्याऐवजी वाढले, कानाकडे सणक मारू लागली, तोंडाला घाण वास आला आणि खड्डा रिकामा दिसला, तर तो ड्राय सॉकेट. साध्या दातांत शंभरात दोन-पाच जणांना होतो, खालच्या अक्कलदाढेत त्याहून बराच जास्त. गोळ्यांनी तो पुरता आवरत नाही. डॉक्टर खड्डा धुऊन लवंगाच्या अर्काची औषधी पट्टी आत ठेवतात. मला ती ठेवल्यावर अर्ध्या तासात जे बरे वाटले, ते चार गोळ्यांनी वाटले नव्हते. दोन दिवस वाट पाहत मी उगीच कळा सोसल्या, तुम्ही सोसू नका.

थांबू नका, निघा

जबड्याखाली किंवा गळ्याकडे सूज उतरली, गिळता येईना, लाळ गळू लागली, जीभ वर उचलली गेल्यासारखी वाटली, आवाज बदलला किंवा श्वास अडू लागला, तर ही वेळ सकाळच्या ओपीडीची वाट पाहण्याची नाही. हा जंतुसंसर्ग काही तासांत श्वासनलिका दाबू शकतो. 108 ला फोन करा आणि गोमेकॉचा आपत्कालीन विभाग गाठा. थंडी वाजून ताप, दाबूनही न थांबणारे रक्त, यांसाठीही त्याच दिवशी दाखवा. दुसऱ्या दिवशीही ओठ किंवा जीभ बधिर असेल तर डॉक्टरांना कळवा. बहुतेक वेळा ते आपोआप परतते, पण नोंद असायला हवी.

तीन आठवड्यांनी

काढल्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. तीन-चार आठवड्यांत हिरडी वरून मिटते, आतले हाड भरायला तीन ते सहा महिने लागतात. तीन आठवड्यांनंतरही खड्डा उघडा असेल, तिथे मांस वाढल्यासारखे दिसत असेल, किंवा जवळ न भरणारा चट्टा असेल, तर पुन्हा दाखवा. आयुष्यभर मशेरी लावलेल्या, पान-तंबाखू खाल्लेल्या माणसाच्या बाबतीत तर यात एक दिवसही घालवू नका. अशा माणसाचा एकच दात अचानक हलू लागला तर तो काढण्याआधीच डॉक्टरांना तोंड नीट तपासायला सांगा, कारण दात हलण्याचे कारण कधी कधी हाडात वाढणारी गाठ असते.

रिकाम्या जागेचेही ठरवावे लागते. चावायच्या दाढेची जागा तशीच राहिली तर शेजारचे दात तिच्याकडे झुकतात आणि समोरचा दात हळूहळू त्या जागेत उतरतो किंवा चढतो. काढता-घालता येणारा दात, दोन्ही बाजूंच्या दातांवर टेकणारा ब्रिज आणि हाडात रोवलेले इम्प्लांट असे तीन मार्ग आहेत. साधारण दोन-तीन महिन्यांनी त्यासाठी डॉक्टरांना भेटा. अक्कलदाढेच्या जागी काही बसवावे लागत नाही.